वाघ कुठंय, हे कुणाला सांगायचं?

जुलै २०१३. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत काम करणाऱ्या के. रमेश या शास्त्रज्ञांना एक सूचना आली. तुमच्या ईमेल खात्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न केला आहे. प्रयत्न झाला होता पुण्यातून, हजारावर किलोमीटर अंतरावरून. त्या खात्यावर एका वाघाचा ठावठिकाणा येत होता. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातला हा तरुण नर, कागदोपत्री नाव ‘पन्ना-२११’. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बसवली होती. सर्व्हरनं घुसखोरी अडवली. आकडे हाती लागले असते तरी ते सांकेतिक स्वरूपात होते. त्यामुळे वाघाचं काही बिघडलं नाही.

पुण्यातला तो माणूस शिकाऱ्यांचा हस्तक होता, की पासवर्ड फोडून बघण्याची हौस असलेला एखादा रिकामटेकडा, यावर पैज लावायला मी तयार नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. वाघाचं कातडं चोरायच्या आधी आता वाघाचा पत्ता चोरता येतो. आणि पत्ता चोरता येतो, कारण तो कुणीतरी लिहून ठेवलेला आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. आमची कंपनी मालवाहू ट्रकांचं लोकेशन दाखवणारी प्रणाली बनवते. कोणता ट्रक कुठं थांबला, किती वेळ थांबला, ठरलेल्या रस्त्यावरून हटला का, हे सगळं ठिपक्यांत दिसतं. त्यामुळे प्राण्यांच्या टेलिमेट्रीबद्दल वाचताना मला यंत्राचं फारसं कौतुक वाटत नाही. ते यंत्र मला ओळखीचं आहे. जीपीएसचा तुकडा उपग्रहांचं ऐकून आपली जागा काढतो, ती साठवतो आणि जमेल तेव्हा पाठवतो. प्रत्येक नोंदीला बॅटरी खर्च होते. ट्रकला स्वतःची बॅटरी असते, वाघाला ती गळ्यात वागवावी लागते, एवढाच फरक. मला विचार करायला लावते ती दुसरीच गोष्ट. ट्रक ड्रायव्हरनं कागदावर सही केलेली असते. ती सही कितपत मनापासून असते हा वेगळा लेख होईल, पण निदान सही असते. वाघाची सही कुणी घेतली?

मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वाचकांना ‘वॉकर’ आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा नर वाघ. त्याचं दफ्तरी नाव टीडब्ल्यूएलएस-टी१-सी१. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासासाठी त्याला कॉलर लावली. जूनमध्ये त्यानं घर सोडलं. तेलंगणातलं आदिलाबाद, मग पुन्हा महाराष्ट्र, नांदेड-हिंगोलीचा उत्तरेकडचा पट्टा, वाशिम, बुलढाणा, तिथून अजिंठ्याच्या डोंगरांपर्यंत. नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. पाच हजारांहून जास्त ठिकाणी त्याची नोंद झाली. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली.

इथं एक धंद्याचा शेरा मारते. हे ३,००० किलोमीटर म्हणजे ठिपक्यांना ठिपके सरळ रेषेनं जोडून आलेली बेरीज आहे. वाघ सरळ रेषेत चालत नाही. दोन नोंदींच्या मधल्या तासात तो नाल्याला वळसा घालतो, कुत्री भुंकली की मागं फिरतो. म्हणजे खरं चालणं याहून जास्तच. नकाशावरची ती ठसठशीत रेघ बघून आपल्याला वाटतं, आता या वाघाचं सगळं कळलं. कळलेलं असतं ते इतकंच, की अमुक वाजता तो अमुक जागी होता.

तरीही जे कळलं ते थोडं नव्हतं. तो जंगलाजंगलातून गेला नाही, कारण मध्ये जंगलच नव्हतं. तो कापसातून गेला, तुरीतून गेला, ओढ्यानाल्यांच्या कडेनं गेला, रस्ते ओलांडत गेला. दिवसा उभ्या पिकात दडून राहायचं आणि रात्री चालायचं. रानडुकरं मारली, गुरं मारली. एवढ्या गावांतून जाताना माणसाशी त्याची झटापट झाली ती एकदाच. त्याच्या पावलांच्या खुणा काढत माणसं झुडपात शिरली, तिथं तो विश्रांती घेत होता, आणि एक जण जखमी झाला. जखम गंभीर नव्हती. आपल्या जिल्ह्यातल्या कापसाच्या रानातून वाघ जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे कॉलर नसती तर आपण गप्पांतही खरं मानलं नसतं.

आता सहीचा प्रश्न. लहान मुलाला लस टोचताना आपण त्याला विचारत नाही. ते रडतं, आपण धरून ठेवतो. पण त्या टोचण्याचा फायदा त्याच मुलाला होणार असतो, म्हणून ते चालतं. वॉकरला कॉलरचा काय फायदा झाला? काही नाही. बेशुद्धीचं इंजेक्शन त्यानं सोसलं, गळ्यातलं वजन त्यानं वागवलं. फायदा झालाच तर ‘वाघ’ या जातीला होणार, तोही पुढे कधीतरी, तोही आपण शहाण्यासारखे वागलो तर. एकानं सोसायचं आणि फळ दुसऱ्यांनी खायचं, हा व्यवहार माणसांमध्ये कुणी आपल्यावर लादला तर आपण कोर्टात जाऊ.

आणि सोसणं दर वेळी किरकोळ नसतं. पेंग्विनांच्या पंखाला ओळखीसाठी धातूची पट्टी बांधायची पद्धत कित्येक वर्षं चालू होती. किंग पेंग्विनांवर दहा वर्षं केलेला एक अभ्यास २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पट्टी असलेले पक्षी जगण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी भरलं आणि त्यांना पिल्लं ३९ टक्क्यांनी कमी झाली. ज्या पट्टीच्या जोरावर त्यांचं आयुष्य मोजत होतो, ती पट्टीच आयुष्य कापत होती. आपल्याकडे २०२३ च्या पावसाळ्यात कुनोमध्ये चित्त्यांच्या कॉलरखाली ओलसर कातडीवर जखमा झाल्या, त्यात किडे पडले. आधी अधिकृत पातळीवर कॉलरचा दोष नाकारला गेला. मग तपासणीसाठी सगळ्यांच्या कॉलरी काढल्या गेल्या.

यावर काही मित्र म्हणतात, आपल्या खिशात मोबाईल आहे, आपल्यालाही टॅगच लावलाय की, वाघाचं काय घेऊन बसलीस. हे वाक्य पार्टीत छान वाटतं. पण ते खरं नाही. मी लोकेशन बंद करू शकते, फोन घरी विसरू शकते, कंपनीवर चिडून ट्वीट करू शकते. वाघाला यातलं काही जमत नाही. आपली आणि त्याची बरोबरी लावली की आपण स्वतःबद्दल हळवे होतो आणि तो पुन्हा बाजूला पडतो.

मग टॅग लावूच नये का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण एक बिबट्या आहे. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक थोराड नर बिबट्या बाहेर काढला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. स्वभावानं शांत, म्हणून नाव पडलं ‘आजोबा’. पुढं त्याच्यावर सुजय डहाके यांनी सिनेमाही काढला. महिन्याभरात आजोबा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत गेला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले, वसईची खाडी पोहून पार केली आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

त्याआधी आपली समजूत काय होती? बिबट्या गावाजवळ दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा, लांबच्या जंगलात सोडून द्यायचं, काम झालं. जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये असे पुष्कळ बिबटे उचलले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले होते. काही बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली होती. तिच्यामुळं कळलं, की जिथं नेऊन सोडले तिथल्या हल्ल्यांत हेच उचलून आणलेले बिबटे सापडत होते. म्हणजे ‘वाईट बिबट्या’ नावाची भानगड आपणच गाडीत घालून एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेत होतो.

मला पटलेली गोष्ट ती ही. टॅग लावणं ही उसनवारी आहे. जनावराकडून त्याचं खासगीपण आणि थोडं आयुष्य उसनं घ्यायचं, आणि फेडायचं ते त्याला चारा घालून नाही, आपलं वागणं बदलून. बिबट्याच्या बाबतीत धोरण बदलण्याची सुरुवात तरी झाली. नागपूर-सिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात कोर्टकज्जे होऊन का होईना, प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या गेल्या आणि जनावरं त्या वापरतात. ही फेड आहे. वॉकर ज्ञानगंगेत एकटा होता. तिथं वाघीण नव्हती. ती आणावी का यावर चर्चा झाली, बातम्या झाल्या, आणली गेली नाही. तिथं उधारी राहिली. आजोबा २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला. ओळख पटली ती चिपवरून.

समुद्राकडे बघितलं तर यंत्राची मर्यादा जास्त कळते. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, कारण रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. म्हणून माशांसाठी ध्वनीवर चालणारे टॅग असतात, किंवा ठरल्या दिवशी सुटून वर तरंगणारे. कासव श्वासाला वर येतं तेवढ्यात त्याच्या पाठीवरचा टॅग उपग्रहाशी बोलून घेतो. २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीला असा टॅग चिकटवला, मग आंजर्ले आणि गुहागरला सावनी, रेवती, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मग एकेक सिग्नल थांबला. आमच्या कामात पहिला धडा असतो की माहिती न येणं म्हणजे शून्य नव्हे. कासव मेलं, टॅग निसटला, बॅटरी संपली, तिन्हींचा पडद्यावर एकच अर्थ दिसतो: काहीच नाही. मात्र मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाची साधी धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२४ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. त्या पट्टीत बॅटरी नव्हती, काही नव्हतं. कुणीतरी रात्री किनाऱ्यावर चालत होतं आणि त्यानं वाकून नंबर वाचला, म्हणून पूर्व किनाऱ्याचं कासव पश्चिमेला येतं हे कळलं.

आता आमच्या भागाकडे येते, कारण खरा पेच तिथं आहे.

मी मुखेडची. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच विषय होता. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. पट्ट्यांवरून तपासलं तर हाही टिपेश्वरचाच. साडेचारशे-पाचशे किलोमीटर तोडून आलेला. याला कॉलर नव्हती. सुरुवात माहीत, शेवट माहीत, मधला रस्ता कोरा. टिपेश्वर आणि येडशीच्या मधे नांदेड आहे, लातूर आहे. तो कुणाच्या उसातून गेला, कुणाच्या गोठ्यामागून गेला, कुणीच सांगू शकत नाही. जानेवारीत त्याला बेशुद्ध करून, कॉलर लावून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं. पथकं आठवडेच्या आठवडे फिरली, वाघ हाती लागला नाही, आणि मोहीम थांबवावी लागली. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा आनंद झाला होता.

त्या आनंदात मी असताना गावाकडून काकाचा फोन आला. “काय गं माय, तुमच्या त्या मोबाईलात दिसतंय का, वाघ कुठं हिंडायलाय? तुझं कामच हाय की ते. मला हरभऱ्याला पाणी द्यायला रातीला जावं लागतंय.”

मी म्हटलं, “काका, त्याला पट्टाच नाही. आणि असता तरी तसं कुणालाही दाखवत नाहीत.”

“का बरं?”

“शिकारी येतील ना.”

“शिकाऱ्याचं खरं हाय. पण मी शिकारी हाव का?”

याचं उत्तर मी बरेच दिवस शोधते आहे. ठिकाण गुप्त ठेवण्यामागची कारणं भक्कम आहेत. पुण्याहून झालेला तो प्रयत्न वर आलाच. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात फोटो काढणारे लोक रेडिओ रिसीव्हर घेऊन कॉलरवाल्या जनावरांच्या मागं लागायला लागले, तेव्हा तिथं असे रिसीव्हर वापरायला बंदी घालावी लागली. पश्चिम ऑस्ट्रेलियात अभ्यासासाठी टॅग लावलेले शार्क किनाऱ्याजवळ आले की इशारा जायचा. २०१४ मध्ये तिथल्या सरकारनं त्याच सिग्नलच्या आधारे शार्क शोधून मारायची तयारी केली. टॅग नसलेले किती शार्क तिथं पोहत होते, याला हिशोब नाही. दिसतो तोच गुन्हेगार ठरतो. नकाशा उघडा टाकला तर येडशीच्या वाघाभोवती जिप्सी, ड्रोन आणि रीलवाले किती जमले असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण दुसरी बाजू अशी, की कॉलर लावलेला वाघ रात्री अकराला कोणत्या शिवारात आहे हे कुठल्यातरी शहरातल्या एका पडद्यावर दिसतं, आणि त्याच शिवारात बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघालेल्या माणसाला ते कळत नाही. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत आली की जाणं भाग असतं. एखाद्याच्या जिवाशी संबंधित गोष्ट मला ठाऊक आहे आणि मी ती त्याला सांगत नाही. उद्या काही झालं तर ‘मला माहीत नव्हतं’ असं मला म्हणता येईल का? कॉलरच्या आधी येत होतं. कॉलरनंतर येत नाही.

तमिळनाडूच्या वालपराईत चहाच्या मळ्यांतून हत्ती फिरतात. तिथं नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी वेगळी रीत बसवली. नकाशा कुणालाच दिला नाही. तुमच्या आसपास हत्ती आहेत एवढाच निरोप त्या भागातल्या लोकांच्या मोबाईलवर जातो, आणि मळ्यात उंचावर लावलेला लाल दिवा पेटतो. हत्तीला कॉलर असायची गरजही नाही. ज्यानं हत्ती पाहिला तो कळवतो. मला हे आमच्या कितीतरी चकाचक डॅशबोर्डांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. ‘तो कुठं आहे’ आणि ‘आज तू जाऊ नकोस’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं शिकाऱ्याच्या कामाचं, दुसरं काकाच्या. अर्थात माझ्यातली इंजिनिअर लगेच खोड काढते. तीन गावांतल्या तिघांनी आपापले निरोप एकमेकांना फॉरवर्ड केले तर वाघाची जागा जवळपास काढता येईल. येईल. म्हणून निरोप थोडा उशिरा, थोडा मोघम आणि फक्त जवळच्यांना द्यावा लागेल. हे तंत्रज्ञानात जमण्यासारखं आहे. न जमणारा भाग असा, की निरोप आल्यावर काकानं जायचं नाही, तर मग हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं? दिवसा वीज देणं हे वाघाच्या अभ्यासकांच्या हातात नसतं.

हे काकाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “वाघाला पट्टा नसंल, आमच्या ढोराला हाय की बिल्ला.”

बिल्ला म्हणजे जनावराच्या कानात ठोकलेला पिवळा टॅग, त्यावर बारा आकडे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून तो नसेल तर जनावर बाजारात विकता येत नाही. पुरात वाहून गेलं, विजेचा धक्का लागला, वाघ-बिबट्यानं मारलं, तर भरपाईलाही बिल्ला लागतो. आमच्या मुखेड-कंधार पट्ट्यात लालकंधारी बैल दारात असणं ही अजूनही मानाची गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ च्या पुरात आमच्या तालुक्यात हसनाळ, रावणगावकडं माणसं गेली आणि गोठेच्या गोठे गेले. त्या बिल्ल्याची किंमत आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

वाघानं बैल मारला तर सरकार बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातलं जे कमी असेल ते देतं. चांगला लालकंधारी बैल त्याहून महाग असतो. वरचा फरक शेतकरी सोसतो. वॉकर नऊ महिने चालला तेव्हा वाटेत गुरं मारून जगला, हे मी वर लिहिलंच आहे. त्याच्या पाच हजार ठिपक्यांमध्ये काही ठिपके असे असणार, जिथं तो बराच वेळ एका जागी थांबलेला दिसतो. अभ्यासक तो ठिपका बघून म्हणतात, इथं शिकार केली. त्याच जागेचा दुसरा कागद तहसीलच्या किंवा वन विभागाच्या फायलीत असतो. त्यावर पंचांच्या सह्या असतात आणि मालकाचं नाव असतं. दोन्ही नोंदी एकाच रात्रीच्या. मी शोधलं, पण त्या एकमेकींना जोडलेल्या मला कुठं सापडल्या नाहीत. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे काम एका दुपारचं आहे.

काका सध्या एक गोऱ्हा घ्यायचा म्हणतोय, माळेगावच्या जत्रेतून. बघायला गेला की तो आधी दात बघतो, मग खूर, मग वशिंड. हल्ली त्याच्या आधी कान धरून नंबर वाचतो आणि फोटो मला पाठवतो. “बघ गं, ह्यो खरा हाय का.”